रिकाम्या पट्ट्यांची कमान

मी रोज सकाळी शिंपीणबाईच्या दुकानातल्या एका तिपाईवर जाऊन बसतो. काम असं काही नसतं. नाटकातून निवृत्त झालेल्या माणसाला प्रेक्षक लागतो, आणि मशीनवर बसलेल्या बाईला मध्येच उठून जाता येत नाही, एवढंच.

पहिल्यांदा गेलो तो राजाचा मखमली अंगरखा घेऊन. आतलं अस्तर उसवलं होतं. तिनं अंगरखा उलटा केला, एकावर एक चढलेली ठिगळं पाहिली आणि म्हणाली, "राज्य फारसं बरं चाललेलं दिसत नाही." तेव्हापासून तिच्या तोंडी मी राजेसाहेब. चाळीस वर्षांत माझ्या अभिनयावर इतकी नेमकी टीका कुणी केली नव्हती.

दुकान म्हणजे दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद अशी खोली. दाराशी मशीन, मागे कापड बेतायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले तयार कपडे. टेबलाखाली तेव्हा पत्र्याची एक पेटी असायची. तिच्यात वरच्या खणात बटणं, हूक, रिळं. खालच्या खणात बारा माणसांच्या टीबीच्या गोळ्या.

हे कसं चालायचं ते सांगतो, कारण असं चालवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. सकाळी सातपासून एकेक जण पिशवी घेऊन यायचा. पिशवीत बटण तुटलेला शर्ट, उसवलेला परकर, काहीही. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, गिऱ्हाईक आहे. ती पाण्याचा पेला पुढे करायची, चार गोळ्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत नजर हलवायची नाही. मग म्हणायची, "आता पत्ता सांग घरचा. सगळा." गोळी जिभेखाली दडवून कुणाला घरचा पत्ता नीट सांगता येत नाही. मी करून पाहिलं आहे, साखरेची गोळी घेऊन. माझे उच्चार एके काळी प्रसिद्ध होते, तरी नाही जमलं.

सव्विसाव्या वर्षी ती स्वतः या दुखण्यातून गेली होती. सासूनं तिचं ताट वेगळ्या फळीवर ठेवलं. नवऱ्यानं अंथरूण भावाच्या घरी हलवलं आणि मग हळूहळू बाकीचा संसारही तिकडेच हलवला. ती माहेरी राहून सगळ्या गोळ्या संपवून ठणठणीत झाली. "बरी झाले म्हणून कळवलं," ती सांगायची, "उत्तर आलं नाही. मग मशीन घेतलं." यापुढे ती त्या विषयावर बोलायची नाही, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. दवाखान्यातल्या जुन्या सिस्टरनं तिच्याकडे पहिला रोगी पाठवला तो एक शाळामास्तर. दवाखान्याच्या रांगेत कुणी पाहिलं तर काय, म्हणून रडकुंडीला आलेला. तो विजार घेऊन आला आणि सहा महिन्यांनी बरा होऊन गेला. त्यानं दुसरा पाठवला. अकरा वर्षांत अशी सत्तरएक माणसं त्या मशीनसमोर बरी झाली, आणि गल्लीला त्याचा पत्ता नव्हता.

मग तिला बळकट करायला एक संस्था आली.

संस्थेचे अध्यक्ष फरशांचे व्यापारी. माइक दिसला की घसा आपोआप साफ होतो, असा माणूस. त्यांनी सभेत जाहीर केलं की स्थानिक पातळीवरची सेवा आता बळकट होणार. एका सोमवारी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि शिंपीणबाईच्या दारावर 'क्षयरोग मदत केंद्र' असा हातभर अक्षरांचा बोर्ड ठोकून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बारातले पाचच आले. उरलेले सात जण समोरच्या कोपऱ्यावरूनच परत फिरले. एक तर पिशवी पोटाशी धरून असा पळाला, जणू आम्ही त्याची विजार लुटणार होतो.

शिंपीणबाई माझ्याच तिपाईवर चढली, बोर्ड उतरवला आणि उलटा करून इस्त्रीच्या टेबलावर टाकला. "लाकूड चांगलं आहे," म्हणाली, "तेवढं बळ मिळालं." दोन-चार दिवसांत सातही जण पिशव्या घेऊन परत आले.

मग दवाखान्याची औषधं संस्थेमार्फत येऊ लागली आणि पेटीच्या झाकणावर संस्थेचा शिक्का बसला. त्यापाठोपाठ पिवळी जाकिटं आली. पाठीवर रोगाचं नाव लिहिलेली. हे घालून घरोघर जायचं! म्हणजे कुणाच्या घरी आजार आहे ते लांबूनच कळावं. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात सगळ्या आरोग्यसेविकांना हात कसे धुवावेत ते पडद्यावर दाखवलं. सभागृहाच्या नळाला पाणी नव्हतं. शिंपीणबाई परत आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकलात?"

"टाळ्या कुठे वाजवायच्या ते."

इथपर्यंत मी हसत होतो. पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

अध्यक्षांना कुणीतरी सांगितलं की गोळ्यांची रिकामी पट्टी म्हणजे पोटात गेलेलं औषध. एवढं वाक्य त्यांना पुरलं. प्रत्येक रोग्याकडून रिकाम्या पट्ट्या गोळा करायच्या, वहीत लिहायच्या, आणि शनिवारच्या समारंभात मंचासमोर त्या पट्ट्यांची चंदेरी कमान उभारायची, असं ठरलं. "शंभर टक्के यश," ते म्हणाले, "डोळ्यांनी दिसलं पाहिजे." जे कामावर जातात त्यांना दोन दोन महिन्यांच्या गोळ्या घरपोच द्यायच्या, म्हणजे पट्ट्याही लवकर मिळतील, ही पुढची पायरी. दवाखान्यात शंभर रोग्यांमागे एकटी डॉक्टरीणबाई. कागद पुढे आला आणि त्यावर कुणी बोट ठेवलं की ती तिथे सही करायची. या कागदावरही तिनं केली.

त्याच समारंभासाठी अध्यक्षांनी मला नाटुकलं बसवायला बोलावलं. संहिता त्यांनीच लिहिलेली. पहिल्या प्रवेशात रोगी खोकतो, दुसऱ्यात रडतो, तिसऱ्यात अध्यक्ष येतात आणि तो बरा होतो.

"अध्यक्षांची भूमिका कोण करणार?" मी विचारलं.

"मीच करीन म्हणतो. दुसऱ्याला जमणार नाही."

मला हो म्हणायला नको होतं. पण मंच म्हटलं की म्हातारा घोडाही कान टवकारतो. मी हो म्हणालो.

बुधवारी संस्थेची वही शिंपीणबाईकडे सहीला आली. तिच्या हातात कुणाच्या तरी कोटाची कॉलर होती, म्हणून मी मोठ्यानं वाचत होतो. एकेक नाव, एकेक आकडा. तिच्या रोग्यांत एक गवंडी होता. पस्तिशीचा, हडकुळा, बोटांच्या पेरांत कायम सिमेंट. पहिले दोन महिने तो रोज कामावर जाण्याआधी दुकानात यायचा आणि पत्ता सांगून जायचा. मग संस्थेनं त्याला आठ पट्ट्या घरपोच दिल्या आणि त्याचं येणं थांबलं.

"गवंडी," मी वाचलं, "जमा रिकाम्या पट्ट्या, सोळा. शेरा, आदर्श रुग्ण. शनिवारी सत्कार."

मशीन थांबलं.

"किती?"

"सोळा."

"औषध सुरू होऊन आठवडे किती झाले त्याचे?"

मी बोटांवर मोजलं. "अकरा."

"एका आठवड्याला एक पट्टी. मग हा पुढच्या महिन्यातल्या गोळ्या आज कशा खातो?"

"उत्साही असेल," मी म्हटलं.

"राजेसाहेब, हे काय नाटकाचं तिकीट आहे, आगाऊ काढायला? चार गोळ्यांच्या जागी आठ खाल्ल्या असत्या तर तो काविळीनं पिवळा पडून दवाखान्यात असता. हा तर रोज कामावर जातोय, म्हणजे खातच नाही." तिनं कॉलर बाजूला ठेवली. "तीन आठवडे झाले. अर्धवट सोडलेला टीबी परत आला ना, की मग या गोळ्यांना दाद देत नाही. आणि त्याच्या घरात तीन वर्षांची पोर आहे."

आणि या माणसाला आदर्श म्हणून निवडणाऱ्यांत एकालाही अकरा आणि सोळा यांतला फरक कळला नव्हता! वहीवर चार सह्या होत्या. चारही झोकदार.

संध्याकाळी सहाला दुकान लवकर बंद करून आम्ही गवंड्याच्या घरी गेलो. एकच खोली, मागे मोरी. तीन भिंतींना त्यानं स्वतः गिलावा केलेला, चौथी अजून विटांची. पोर त्याच्या ओळंब्याशी खेळत होती. खाटेवर नवा शर्ट, घडी न मोडलेला.

शिंपीणबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "लघवीचा रंग कसा आहे तुझा?"

गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नकोस, त्यांना तुझे संवाद पाठ नाहीत. कसा आहे?"

"केशरी," तो म्हणाला. "गोळी घेतली की होतो तसाच."

"पाण्यासारखा आहे," त्याची बायको मोरीच्या दारातून म्हणाली. "मोरी मी धुते."

"तू गप्प बस गं."

"तीन आठवडे गप्पच आहे." ती फळीकडे गेली आणि कॉफीची एक रिकामी बरणी आणून शिंपीणबाईच्या मांडीवर ठेवली. रिकामी म्हणजे कॉफीची. आत काठोकाठ गोळ्या.

खाटेवर चादर पसरून आम्ही त्या मोजल्या. दहादहाचे ढीग लावले. पोरीला मज्जा वाटली, तिनंही दोन ढीग लावले. दोनशे भरल्या.

"आठ पट्ट्यांच्या दोनशे चोवीस," शिंपीणबाई म्हणाली. "म्हणजे चोवीस घेतल्यास. एकवीस दिवसांत सहा दिवस. आणि या सगळ्या पट्ट्यांतून काढून का ठेवल्यास?"

"संस्थेच्या बाई आल्या होत्या, मावशी. म्हणाल्या, पट्ट्या हव्यात, कमानीला कमी पडतायत. मी म्हटलं, घ्या." त्यानं हात पसरले. "गोळ्या कुणी मागितल्याच नाहीत."

मला हसू फुटलं. शिंपीणबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं.

"आणि सोडल्यास का? उलट्या होतात?"

"नाही." तो बराच वेळ नखानं तळहातावरचं सिमेंट खरवडत राहिला. "साइटवर आम्ही सगळे एकाच भिंतीला उभे राहतो. एक जण म्हणाला, अरे, तू गेरू पितोस की काय? सगळे हसले. मुकादमही तिथेच होता. तो नाही हसला. मागे एकाला नुसता खोकला होता तर त्याला घरी बसवलं, मावशी. मग मी गोळी सोडली. खोकला तर गेलाच होता. बरंही वाटत होतं."

अकरा वर्षं मी त्या बाईला रोग्यांवर डाफरताना पाहिलं होतं. मला वाटलं, आता याची धडगत नाही. ती मात्र शांतपणे म्हणाली, "गोळी किती वाजता घेत होतास?"

"सकाळी. कार्डावर शिक्का आहे ना, नऊच्या आत."

"शिक्का कुणाचा?"

त्यानं कार्ड दाखवलं. संस्थेचा.

"जंतूला घड्याळ कळत नाही. रोज ठरल्या वेळी घेतली म्हणजे झालं. डॉक्टरीणबाईंना विचारते, पण तू कामावरून सहाला येतोस ना? दुकानात ये, घे, मग घरी जाऊन जेव. रंग काय पडायचा तो घरच्या मोरीत पडेल. सकाळी साइटवर जाईपर्यंत बराच फिका होतो."

"मोरी मी धुते," बायको पुन्हा म्हणाली, "मला चालेल."

"आणि राहिलेल्या भरून काढायला एकदम घेऊ नकोस. ही बरणी मी नेते. उद्याच्या उद्या थुंकी तपासायला दे."

"उद्या कसं? खाडा केला की मुकादम विचारतो. शनिवारी अर्धा दिवस असतो..." तो खाटेकडे बघू लागला. "पण शनिवारी सत्कार आहे. हिनं शर्ट घेतलाय."

"सत्कार कशाबद्दल, ते सांगितलं का तुला?"

"चांगला माणूस म्हणून, असं म्हणाले."

"टीबीचा आदर्श रोगी म्हणून. मंचावर, माइकवर. फोटो काढून पेपरात देणार आहेत."

त्याच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला कुठल्याच रंगभूमीवर साधलं नसतं. एका भिंतीपाशी कुणी हसू नये म्हणून जीव धोक्यात घातलेल्या माणसाला या शहाण्यांनी अख्ख्या गावासमोर उभं करायचं ठरवलं होतं. तेही नव्या शर्टात, हार घालून.

"शर्ट घालून दवाखान्यात ये," शिंपीणबाई म्हणाली. "शनिवारी दुपारी."

दुसऱ्या दिवशी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. त्यांची केबिन फरशांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला. तिथवर पोचायला चकचकीत कमोडांच्या दोन रांगांमधून जावं लागतं. कालच्या विषयानंतर मला ते दालन फार समर्पक वाटलं.

शिंपीणबाईनं बरणी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांनी बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पत्रिका छापून झाल्यात हो. शंभर टक्के असं छापलंय."

"नव्व्याण्णव करा."

"बाई, असं नसतं. नव्व्याण्णवला कोण पाहुणा येतो? शनिवार होऊ द्या. रविवारी तुम्हाला वहीत हवं ते लिहा. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

"त्याच्या फुफ्फुसात बिघडतंय. तुमच्या पत्रिकेत नाही."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी गोळ्या मोजून बोलतेय."

अध्यक्षांनी माझ्याकडे वळून हसून पाहिलं. आपण दोघे मोठी माणसं, अशा अर्थाचं ते हसू. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ खलनायक पाहिले, दोन-तीन स्वतः केले, पण इतका गुळगुळीत एकही नव्हता. मग ते गोड आवाजात म्हणाले, "असं असेल तर औषधाची पेटी संस्थेला परत करावी लागेल. मागच्या गल्लीत एक बाई तयार आहेत. जाकीटही घालतात."

मला ठाऊक होतं, ती पेटी गेली तर काय जाणार होतं. अकरा माणसं पिशव्या घेऊन येणार आणि दुकानात नुसती बटणं असणार. जाकीटवाल्या बाईकडे ती जाणार नव्हती. शिंपीणबाईलाही ते ठाऊक होतं. तिच्या ओठांवरचा एक धागा ती कितीतरी वेळ काढत राहिली.

मग तिनं त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं, वही उघडली आणि 'आदर्श' या शब्दावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'पंधरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत.' तिचं अक्षर मोठं आणि वाकडं आहे, वेळ लागला. सही केली, वही बगलेत मारली आणि कमोडांमधून चालू लागली. अध्यक्ष ओरडले, "वही संस्थेची आहे!"

"रोगी माझा आहे," ती मागे न बघता म्हणाली.

आम्ही तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं वही वाचली, घरपोच औषधाचा कागद काढला, खालची सही पाहिली.

"हे मी मंजूर केलं?"

"केलंत."

डॉक्टरीणबाईच्या टेबलावर आणखी चाळीस कागद सहीची वाट बघत होते. ते तिनं उचलून कपाटावर ठेवले आणि म्हणाली, "शनिवारी त्याला इथे आणा, मी थांबते." कार्डावरचा शिक्का खोडून तिनं संध्याकाळची वेळ लिहिली. शिवाय एक चिठ्ठी लिहिली. यापुढे या गल्लीची औषधं दवाखान्यातून थेट शिंपीणबाईकडे जातील, मध्ये कुणी नाही.

शनिवारी दुपारी अध्यक्ष सभागृहाच्या मागच्या दारी मला शोधत आले. नाटुकलं करणार नाही, असा निरोप मी सकाळीच धाडला होता. "ते राहू द्या," ते म्हणाले, "पण आदर्श रुग्णाची जागा रिकामी आहे हो. पाहुणे आलेत. तुम्ही नट आहात. तुम्हीच या ना वर. फक्त थोडं खोकायचं आणि मग थांबायचं."

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की मी राजे केले, चोर केले, एकदा तर प्रेतही केलं, पण ज्या भूमिकेत माणूस खरोखर मरू शकतो ती मी नक्कल म्हणून करत नाही. वाक्य फेकून मी निघालो. निर्गमन चांगलं झालं. फक्त दाराशी पायरी होती ती दिसली नाही.

कमान मात्र मी पाहिली, खोटं कशाला बोलू. हजारो पट्ट्या दिव्यांत लखलखत होत्या. पाहुणे उंच होते आणि कमान बुटकी. आत शिरताना एका पट्टीत त्यांचे केस अडकले. दोघांनी मिळून ते सोडवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोहळा यशस्वी झाला. पेपरात शंभर टक्केच छापून आलं. ज्यांच्यामुळे ते नव्व्याण्णव होतं, ते त्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. एक नव्या शर्टात, हातात थुंकीची डबी घेऊन, आणि दुसरी त्याच्या खांद्याची शिवण तपासत, कारण ती तिला तिरकी वाटत होती.

सोमवारी संस्थेच्या दोन बाया पेटी न्यायला आल्या. शिंपीणबाईनं बटणं आणि गोळ्या टेबलावर ओतल्या, चिठ्ठी दाखवली आणि पेटी त्यांच्या हातात दिली. पेटी मिळाल्याची सही घेऊन त्या समाधानानं गेल्या. तेव्हापासून औषधं बिस्किटांच्या डब्यात असतात.

मंगळवारी संध्याकाळी गवंडी आला. त्याच्या मागोमाग बायको, कडेवर पोर. थुंकीचा अहवाल दुपारीच आला होता.

"काही सापडलं नाही," शिंपीणबाईनं सांगितलं.

बायको तिथेच पायरीवर बसली. गवंडी हसला. "मग? मी म्हणालो नव्हतो? मला बरंच वाटत होतं."

"वाटू दे. त्याला हरकत नाही."

"मग आता या गोळ्या..."

"बुडवलेले पंधरा दिवस डॉक्टरीणबाईंनी शेवटी जोडलेत." तिनं पेला भरला. "आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. या वेळी नशीब होतं. ते दर वेळी सोबत येत नाही."

"सगळे पंधरा? त्यातले सहा-सात तरी सोडा ना, मावशी."

"इथे घासाघीस शिलाईवर होते," ती म्हणाली, "यावर नाही. बस."

तो बसला.